कागदगिरणीचा नाला आणि ताळेबंद

रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मालक म्हणतात, प्रदूषणाचे नियम कडक केले की गिरण्या बंद पडतात. नदीकाठचे लोक म्हणतात, गिरणी नफा कमावते ती आमच्या पाण्याच्या जिवावर. मला कागद उद्योगात जायचं आहे. दोन्ही बाजू सांभाळता येतात का, की यातलं कुणीतरी खोटं बोलतंय?"

खोटं कुणीच बोलत नाही. मी लगदा विभागात आणि नंतर सांडपाणी विभागात मिळून तीन दशकं काढली. ही दोन्ही वाक्यं मी खरी ठरताना पाहिली आहेत, एकदा तर एकाच गिरणीत, लागोपाठच्या दोन वर्षांत. कोणतं वाक्य खरं ठरणार हे दोन गोष्टींवर ठरतं: नाल्यातून नेमकं काय वाहतंय, आणि ते थांबवण्याचा खर्च यंत्राच्या आयुष्यात कुठल्या वर्षी केला जातो. पहिल्या गोष्टीबद्दल सगळे बोलतात, दुसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

लाकडापासून सुरुवात करू. कोरड्या लाकडात साधारण निम्मा भाग सेल्युलोजचा, पाव भाग किंवा त्याहून थोडा जास्त हेमिसेल्युलोजचा, आणि उरलेला बहुतेक लिग्निनचा. लिग्निन म्हणजे तंतूंना एकमेकांना चिकटवून ठेवणारं नैसर्गिक डिंकासारखं द्रव्य. पांढरा, टिकाऊ कागद हवा तर ते काढावंच लागतं. क्राफ्ट पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात लाकडाचे तुकडे दाबाखाली शिजवतात. शिजवून झालं की लाकडाच्या वजनाचा निम्म्याहून थोडा कमीच भाग लगदा म्हणून हाती येतो. बाकीचं सगळं, वापरलेल्या रसायनांसकट, काळ्या द्रवात जातं. गिरणीत सगळे त्याला ब्लॅक लिकर म्हणतात.

आता हे ब्लॅक लिकर नदीत सोडलं तर काय होईल? पाणी काळं पडेल, त्यातला ऑक्सिजन संपेल, मासे मरतील. पण मालकाच्या बाजूनेही बघा. विकत घेतलेलं अर्धं लाकूड आणि जवळजवळ सगळं कॉस्टिक त्याच नाल्यातून गेलं. कुठल्याही बाजारात टिकाव लागणार नाही असा हा तोटा आहे. कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७९च्या सुमारास ही क्राफ्ट पद्धत बसवली, पण ती जगभर पसरली ती १९३०च्या दशकात रिकव्हरी बॉयलर, म्हणजे रसायनं परत मिळवून देणारी भट्टी, हाती आल्यावर. पातळ ब्लॅक लिकरमध्ये घनपदार्थ पंधरा टक्क्यांच्या आसपास असतात. ते बाष्पीभवनाने आटवून पासष्ट ते ऐंशी टक्क्यांवर नेतात आणि बॉयलरमध्ये फवारतात. लिग्निन जळून वाफ मिळते, वाफेवर वीज मिळते, आणि तळाशी वितळलेली रसायनं जमतात. ती पाण्यात विरघळवून चुन्याशी अभिक्रिया केली की पुन्हा शिजवण्यासाठी तयार. नीट चाललेल्या गिरणीत शिजवणीच्या रसायनांपैकी पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त परत येतात. फिनलंडमधल्या अनेकोस्की इथे २०१७ साली सुरू झालेली गिरणी वर्षाला १३ लाख टन लगद्याच्या क्षमतेची आहे. ती जीवाश्म इंधन वापरत नाही आणि स्वतःच्या गरजेच्या दुपटीहून जास्त वीज बनवते.

म्हणजे या उद्योगातलं सर्वांत मोठं प्रदूषण थांबवणारं यंत्र हेच सर्वांत जास्त पैसा परत आणणारंही यंत्र आहे. तुमच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर इथेच मिळतं.

पण एक अट आहे: आकार. रिकव्हरी बॉयलर, बाष्पीभवन यंत्रणा आणि चुन्याची भट्टी हा सगळा संच लहान गिरणीला परवडत नाही. त्यात गवत किंवा भाताचा पेंढा शिजवणाऱ्या गिरण्यांची अडचण दुहेरी असते. पेंढ्यातली सिलिका ब्लॅक लिकरमध्ये उतरते, बाष्पीभवनाच्या नळ्यांवर काचेसारखा थर धरते आणि चुन्याचं चक्रही बिघडवते. त्यामुळे अशा गिरण्यांनी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं ब्लॅक लिकर तसंच सोडून दिलं. चीनने १९९६ साली ह्वाय नदीच्या खोऱ्यातल्या वर्षाला पाच हजार टनांखालच्या लगदा गिरण्या बंद करण्याचा आदेश दिला. इथे मालकांचं वाक्य अक्षरशः खरं ठरलं, नियम आला आणि गिरण्या बंद पडल्या. नदीकाठच्यांचंही खरं ठरलं, कारण त्या गिरण्यांचा नफा नदीच्या उधारीवरच चालला होता. अशा जागी मधला मार्ग काढता येतो असं सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. शक्य होतं ते इतकंच: लगदा मोठ्या ठिकाणी बनवायचा आणि छोट्या गिरणीने तो विकत घेऊन किंवा रद्दी वापरून फक्त कागद बनवायचा. हे वेळेवर ठरवलं तर कामगारांचं काम टिकतं. टाळं ठोकल्यावर सुचलं तर टिकत नाही.

आता छोट्या गळतीकडे येतो. मला स्वतःला हा भाग सगळ्यांत जवळचा वाटतो.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतल्या गिरणीत सांडपाणी विभागाने मोठं निवळण टाकं मागितलं होतं, कारण जुनं भरून वाहत होतं. त्यासाठीचा खर्च ऐकून व्यवस्थापनाने ते "पर्यावरणाचं ओझं" म्हणून बाजूला ठेवलं. आमच्या वरिष्ठांनी मला आठवडाभर फक्त एक काम दिलं: प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी दर तासाला नमुना घ्यायचा, गाळून वाळवायचा आणि वजन करायचं. त्या गाळण कागदावर साठत होता तो चांगला, लांब, शिजवलेला आणि कुटलेला तंतू. तो पाण्याबरोबर जात होता तीन जागांवरून: एका पंपाचं घासलेलं सील, एका टाकीचं रात्रपाळीत नेहमी वाहणारं ओव्हरफ्लो, आणि कागद बनताना जाळीखाली गळणारं तंतूमिश्रित पांढरं पाणी परत घेणारी, पण कायम बायपास करून ठेवलेली यंत्रणा. सील बदललं, टाकीला पातळीदर्शक बसवला, यंत्रणा चालू केली. नवीन टाक्याची गरज उरली नाही.

हिशोब करून बघा. समजा गिरणी दिवसाला ३०० टन कागद काढते आणि तीन टक्के तंतू नाल्यात जातो. म्हणजे दिवसाला नऊ टन, वर्षाला जवळजवळ तीन हजार टन. हा तंतू गिरणीने एकदा विकत घेतला, मग शिजवायला आणि कुटायला ऊर्जा घातली, मग त्याच तंतूला पाण्यातून निवळून, दाबून, गाळ म्हणून वाहून न्यायला पुन्हा खर्च केला. एकाच वस्तूसाठी तीनदा पैसे. असा खर्च हिशोबाच्या वहीत तीन वेगवेगळ्या विभागांच्या नावावर विखुरलेला असतो, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

वाफेचंही असंच. कागद यंत्राच्या सुरुवातीच्या पेटीत तंतू एक टक्का किंवा त्याहून कमी असतो, बाकी सगळं पाणी. जाळीवर आणि प्रेसमध्ये बरंच पाणी निघतं आणि कागद साधारण चाळीस ते पन्नास टक्के कोरडा होऊन वाफेने तापवलेल्या सुकवणीच्या रोळांकडे जातो. चाळीस टक्के कोरडेपणावर प्रत्येक किलो तंतूमागे दीड किलो पाणी असतं, एक्केचाळीसवर साधारण १.४४ किलो. हा एक टक्का प्रेसमध्ये मिळवला तर सुकवणीची वाफ सुमारे चार टक्क्यांनी कमी होते. पाणी दाबून काढणं हे उकळवून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणून मी तरुण अभियंत्यांना नेहमी सांगत आलो की चिमणीतून निघणारा कार्बन कमी करायचा असेल तर आधी प्रेसच्या फेल्टची, म्हणजे पाणी शोषून घेणाऱ्या जाड कापडाची, स्थिती बघा.

गिरणीला पैसे परत देणाऱ्या याच वर्गात आणखी एक उदाहरण बसतं. आम्लयुक्त पाण्यात कागद बनवण्याची जुनी रीत होती, तुरटी आणि राळ वापरून. तो कागद काही दशकांत पिवळा पडून ठिसूळ होतो. विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत बहुतेक लेखन-छपाई कागद उदासीन किंवा अल्कधर्मी पद्धतीवर गेले. त्यामुळे भरणीला, म्हणजे तंतूंमधल्या जागा भरणाऱ्या पांढऱ्या भुकटीसाठी, कॅल्शियम कार्बोनेट वापरता येऊ लागलं. ते तंतूपेक्षा स्वस्त असतं, कागदाला पांढरेपणा देतं, आणि कित्येक ठिकाणी गिरणीच्या धुराड्यातलाच कार्बन डायऑक्साइड चुन्यात मिसळून तिथल्या तिथे बनवलं जातं. लाकूड वाचलं, कागद टिकाऊ झाला, खर्च उतरला. हा बदल करायला कुठल्याही नियमाची सक्ती लागली नाही.

मग नियम कशाला लागतात? कारण काही प्रदूषण थांबवल्याने गिरणीला काहीच परत मिळत नाही. १९६२ ते १९७० या काळात कॅनडातल्या ड्रायडन इथे लगदा पांढरा करायला लागणारं क्लोरीन पाऱ्याच्या विद्युतघटांमध्ये बनवलं जात होतं आणि त्यातला सुमारे नऊ टन पारा वाबिगून-इंग्लिश नदीत गेला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज आणि आसपासच्या वस्तीतले मूलनिवासी लोक त्या नदीतल्या माशांवर जगत होते. १९७० मध्ये व्यावसायिक मासेमारी बंद झाली. लोकांच्या मज्जासंस्थेवर झालेले परिणाम आजही संपलेले नाहीत. त्या वर्षांच्या ताळेबंदात हा खर्च कुठेच नव्हता. इथे "संतुलन" हा शब्द मी वापरणार नाही. पाऱ्याचं माणसाशी संतुलन होत नाही, पारा बंदच करावा लागतो.

क्लोरीनची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे आणि तुमच्या प्रश्नाला जास्त उपयोगाची. शिजवल्यावरही लगद्यात तीन ते पाच टक्के लिग्निन उरतं. ते पूर्वी क्लोरीन वायूने काढत. लिग्निन आणि क्लोरीनच्या अभिक्रियेत शेकडो क्लोरीनयुक्त संयुगं बनतात. १९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत अशा गिरण्यांच्या खालच्या अंगाला माशांमध्ये डायऑक्सिन हे अतिशय विषारी द्रव्य सापडलं आणि सगळा उद्योग हादरला. उपाय दोन होते. एक, क्लोरीन वायूऐवजी क्लोरीन डायऑक्साइड वापरणं. नावं सारखी असली तरी त्याची अभिक्रिया वेगळी असते: ते मुख्यतः ऑक्सिडीकरण करतं, लिग्निनला क्लोरीन जोडत बसत नाही. दुसरा, ब्लीचिंगच्या, म्हणजे लगदा पांढरा करण्याच्या, आधी दाबाखाली ऑक्सिजन आणि कॉस्टिकने उरलेलं निम्मं लिग्निन काढून टाकणं. अमेरिकेचा सविस्तर नियम १९९८ मध्ये आला, तोवर नॉर्डिक देशांतल्या गिरण्या बरंच पुढे गेल्या होत्या.

यातला ऑक्सिजनचा टप्पा नीट समजून घ्या. मोठ्या प्रमाणावर तो पहिल्यांदा १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एन्स्ट्रा इथे बसला, डायऑक्सिनची ओरड होण्याच्या कितीतरी आधी. ब्लीचिंगच्या सांडपाण्यात गंज आणणारं क्लोराइड असतं म्हणून ते रिकव्हरी बॉयलरला देता येत नाही. ऑक्सिजन टप्प्याच्या धुवणीत क्लोराइड नसतं, त्यामुळे ती उलट दिशेने मागे नेऊन ब्लॅक लिकरमध्ये घालता येते. लिग्निन नदीऐवजी भट्टीत गेलं. पुढे ब्लीचिंगची रसायनं कमी लागली, सांडपाण्याचा रंग उतरला, सीओडी म्हणजे सेंद्रिय भार घटला.

मग सगळ्यांनी ते लगेच का बसवलं नाही? कारण त्यामुळे रिकव्हरी बॉयलरवर काही टक्के जास्तीचे घनपदार्थ येतात. ज्या गिरणीचा बॉयलर आधीच पूर्ण क्षमतेने चालतोय, तिथे ते काही टक्के म्हणजे तेवढं लगद्याचं उत्पादन कमी. बॉयलर वाढवणं हे गिरणीतलं सर्वांत महाग काम. नियमाची तारीख बॉयलरच्या नूतनीकरणाच्या दोन वर्षं आधी पडली, तर गिरणीला एकतर नवा बॉयलर घाईत घ्यावा लागतो किंवा उत्पादन कापावं लागतं. तीच तारीख नूतनीकरणाशी जुळली, तर तोच टप्पा थोड्या जास्तीच्या खर्चात बसून जातो आणि पुढची तीस वर्षं पैसे वाचवतो. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन्ही वाक्यं खरी ठरलेली पाहिली असं वर म्हटलं, ते याच कारणाने. पहिल्या वर्षी ऑक्सिजन टप्पा "परवडत नाही" म्हणून प्रस्ताव फेटाळला गेला. दुसऱ्या वर्षी बॉयलरच्या नळ्या बदलायचं ठरलं आणि तोच प्रस्ताव, तेच आकडे, मंजूर झाला. मधल्या काळात नदीत गेलं ते गेलंच.

म्हणून नियम करणाऱ्यांकडे माझी मागणी नेहमी एकच राहिली आहे: मर्यादा कडक ठेवा, त्यांच्यावर ठाम राहा, पण त्या आठ-दहा वर्षं आधी सांगा आणि शेजारच्या गिरणीलाही तीच मर्यादा लावा. दरवर्षी मुदतवाढ देणारा नियम सर्वांत वाईट. तो प्रामाणिक गिरणीला शिक्षा करतो, कारण जिने वेळेवर खर्च केला तिचा लगदा न खर्चणारीपेक्षा महाग पडतो.

एक प्रकार गिरणीला पैसे परत देणारा, दुसरा काहीच परत न देणारा. तिसरा प्रकार फसवा असतो. इथे एक संरक्षण दुसऱ्याला मारतं.

"सांडपाणी शून्य करा" ही मागणी ऐकायला इतकी स्वच्छ आहे की तिला विरोध करणं अवघड जातं. पण पाणी जितकं फिरवाल तितकं त्यातले क्षार, कॅल्शियम, विरघळलेली साखर आणि स्टार्च साठत जातात. यंत्रावर चिकट थर येतो, कागद तुटतो, वास मारतो, पोलाद गंजतं. कॅनडातल्या थंडर बे इथे १९७७ साली ब्लीच केलेल्या लगद्याचं पूर्ण बंद चक्र चालवण्याचा धाडसी प्रयत्न झाला. क्लोराइड रिकव्हरीत साठलं, गंज आवरेना, आणि काही वर्षांत तो सोडून द्यावा लागला. रशियातल्या बैकालस्कची गोष्ट त्याहून कडवट. बैकाल सरोवराच्या काठावर १९६६ पासून चाललेल्या त्या गिरणीला २००८ मध्ये बंद पाणीचक्रावर जावं लागलं. त्यावर तिला पांढरा लगदा बनवता येईना आणि ब्लीच न केलेल्या लगद्यावर तिचं गणित बसेना. उत्पादन थांबलं. सगळं गाव त्याच एका गिरणीवर अवलंबून, म्हणून २०१० मध्ये सरकारने पुन्हा सरोवरात सांडपाणी सोडण्याची मुभा दिली. २०१३ मध्ये गिरणी कायमची बंद झाली. मागे राहिला लाखो टन लिग्निनयुक्त गाळ, सरोवराच्या काठच्या तळ्यांमध्ये. नोकऱ्या गेल्या आणि पाण्यावरचा धोकाही टळला नाही.

आणि तरीही जर्मनीत त्स्युल्पिख इथली रद्दीपासून तपकिरी पुठ्ठ्याचा कागद बनवणारी गिरणी अनेक वर्षं सांडपाणी बाहेर न सोडता चालली आहे. तिथे ब्लीचिंग नाही म्हणून क्लोराइडचा प्रश्न नाही, उत्पादनाला थोडा रंग चालतो, आणि फिरत्या पाण्याच्या वाटेतच जैविक शुद्धीकरण बसवलेलं आहे, शरीरात मूत्रपिंड असावं तसं. त्यातला ऑक्सिजनविरहित टप्पा सेंद्रिय भार खाऊन वायू देतो: एक किलो सीओडी काढला तर सैद्धांतिक हिशोबाने ०.३५ घनमीटर मिथेन, जो बॉयलरला जातो. एकच मागणी एका गिरणीला जगवते आणि दुसरीला बुडवते. म्हणून "सर्वांसाठी शून्य" या घोषणेपेक्षा कागदाच्या प्रकारानुसार मर्यादा ठरवणं मला योग्य वाटतं. युरोपीय संघाच्या उत्तम उपलब्ध तंत्रांबद्दलच्या २०१४च्या निष्कर्षांत तसंच केलं आहे: ब्लीच केलेल्या क्राफ्ट लगद्याला टनामागे २५ ते ५० घनमीटर सांडपाणी, तर शाई न काढता रद्दीपासून बनणाऱ्या कागदाला त्याच्या कितीतरी खाली.

रद्दीबद्दल थोडक्यात. पुनर्वापर चांगलाच आहे, पण तो अमर्याद नाही. प्रत्येक वेळी वाळताना तंतूची पाणी शोषून फुगण्याची ताकद घटते, तो आखूड होतो, आणि शेवटी गाळात जातो. म्हणजे या चक्रात कुठेतरी नवा तंतू सतत यावाच लागतो, आणि तो कुठल्या जंगलातून येतो हा प्रश्न पुनर्वापराने पुसला जात नाही. शिवाय रद्दीचा बाजार नाजूक आहे. चीनने २०१८ पासून मिश्र रद्दी घेणं थांबवलं आणि २०२१ पासून रद्दीची आयात पूर्ण बंद केली. गोळा करणाऱ्या देशांत ढिगारे साठले आणि भाव कोसळले. स्वच्छ, वेगळी केलेली रद्दी ज्यांच्याकडे होती त्यांना तरीही गिऱ्हाईक मिळालं.

नोकऱ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण मालकांचं वाक्य तिथूनच येतं. गेल्या वीस वर्षांत वृत्तपत्री कागदाच्या ज्या गिरण्या बंद झाल्या, त्यांपैकी बहुतेकांचं मूळ कारण वाचक पडद्याकडे गेले हे होतं. ज्यांनी यंत्र वेळेत पुठ्ठ्याच्या कागदाकडे वळवलं त्या टिकल्या. दोष सांडपाण्याच्या नियमाला देणं सोपं असतं, कारण त्याला तारीख आणि सही असते. मागणी घटण्याला कुणाची सही नसते. मी बंद पडणाऱ्या गिरणीतल्या माणसांबरोबर शेवटची पाळी केली आहे. त्यांना खरं कारण सांगितलं गेलं नाही, याचा मला आजही राग येतो.

तुम्ही या उद्योगात जरूर या. मुलाखतीला जाल तेव्हा चकचकीत अहवाल मागू नका. चार आकडे विचारा: टनामागे पाणी किती, टनामागे वाफ किती, नाल्यात जाणारा तंतू किती टक्के, आणि रिकव्हरीत रसायन परत मिळण्याचं प्रमाण किती. पाळीप्रमुखाला हे आकडे तोंडपाठ असतील तर गिरणी चांगली चालली आहे असं धरून चाला. आकडे फक्त पर्यावरण अधिकाऱ्याच्या कपाटात असतील तर सावध राहा. मग विचारा की रिकव्हरी बॉयलरचं पुढचं मोठं काम कोणत्या वर्षी आहे आणि त्यासोबत काय काय बसवायचं ठरलंय. आणि शक्य झालं तर गिरणी बघायला शटडाउननंतर ती पुन्हा सुरू होते त्या दिवशी जा. टाक्या धुतल्या जातात, लगदा सांडतो, सगळे घाईत असतात, आणि वर्षभरात सर्वांत जास्त माल नाल्यात जातो तो अशाच दिवसांत. त्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी कुणी उभं आहे का, ते बघा.